पंच्याहत्तरीपर्यंत

कॅल्गरीतल्या माझ्या पहिल्या बेसमेंटच्या भाडेकरारात एक कलम होतं. तसलं कलम मी त्याआधी कुठे वाचलं नव्हतं, आणि नंतर व्हँकुव्हरला येऊन तीन घरं बदलली, तिथेही कुठे सापडलं नाही. कलम सात: ‘खालच्या सभागृहाने केलेला ठराव वरचे सभागृह एकदा तपासून पाहील. वरचे सभागृह सुधारणा सुचवेल, परंतु उगाच अडवणार नाही.’

खालचं सभागृह म्हणजे बेसमेंटमध्ये राहणाऱ्या आम्ही दोघी. मी नागपूरची, माझी रूममेट श्वेता पुण्याची, दोघीही शिकायला आलेल्या. वरचं सभागृह म्हणजे घरमालक काका. आणि काकू गव्हर्नर जनरल, त्यांची सही झाल्याशिवाय घरात काही लागू होत नसे. करार वाचून मी आईला फोन केला. म्हटलं, ‘माणूस सज्जन दिसतो, पण जरा सटकलेला आहे.’ आईने विचारलं, ‘घर गरम राहतं का?’ मी हो म्हटलं. ‘मग राहा बाप्पा,’ आई म्हणाली.

घर गरम राहत नव्हतं. थर्मोस्टॅट वर, काकांच्या ताब्यात, आणि तो कायम एकोणीसवर. बाहेर उणे अठ्ठावीस, आणि आम्ही दोघी खाली जॅकेट घालून असाइनमेंट करतोय. शेवटी आम्ही रीतसर ठराव लिहिला की घराचं तापमान बावीस करावं. दोन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर करून जिन्यावर ठेवला. चार दिवसांनी कागद परत आला. लाल पेन्सिलीने ‘घराचं’ खोडून ‘घराचे’ केलं होतं, बावीसला गोल करून शेजारी वीस लिहिलं होतं, आणि खाली प्रश्न होता: ‘पायमोजे या पर्यायाचा विचार झाला होता काय?’

श्वेताचा असा काही पारा चढला की त्या उष्णतेवर खोली गरम झाली असती. मी म्हटलं थांब, आणि तोच ठराव, तेच बावीस, पुन्हा वर पाठवलं. मला वाटलं आता महिनाभर चालणार हे. पण काका पाच मिनिटांत खाली आले आणि म्हणाले, ‘मान्य. खालच्यांनी विचार करून पुन्हा तेच सांगितलं की वरच्यांनी ऐकायचं असतं. ते निवडून आलेले, आम्ही नेमलेले.’ मागून काकू आल्या, कागदावर सही केली आणि आमच्या कानात म्हणाल्या, ‘हे फिरायला गेले की मी बावीस करतच होते गं.’

काका अठ्ठावीस वर्षं एका तेल कंपनीच्या ऑफिसात चेकर होते. दुसऱ्यांनी काढलेली पाइपलाइनची ड्रॉइंग तपासायची, एवढंच काम. पुण्यात ते चांगले इंजिनिअर होते, पण इथे चाळिशीत येऊन जे मिळालं ते धरलं, आणि मग ते त्यांना आवडलंच. रिटायर झाल्यावर तपासायला ड्रॉइंग उरली नाहीत, म्हणून मग घरात येणारा प्रत्येक कागद तपासायचे. महाराष्ट्र मंडळाचं गणपतीचं पत्रक, डोशाच्या पिठाच्या पाकिटावरची कृती, देवळाच्या कॅलेंडरातली एकादशी. मुलाच्या लग्नाची पत्रिका त्यांनी छापून आल्यावर तपासली आणि त्यात तीन चुका काढल्या. मुलगा टोरंटोला असतो. तो फोनवर म्हणाला, ‘बाबा, इट्स ऑलरेडी प्रिंटेड!’ काका म्हणाले, ‘म्हणूनच आधी दाखवायला हवी होती.’

‘ड्रॉइंग काढणारा हुशार असतो,’ ते सांगायचे, ‘पण हुशार माणसाला स्वतःची चूक दिसत नाही. तिथे दुसरा माणूस लागतो, घाई नसलेला.’ आणि हे वाक्य संपलं की पुढे काय येणार हे आम्हाला पाठ होतं. पुढे सिनेट यायचं. सिनेट, म्हणजे कॅनडाच्या संसदेचं वरचं सभागृह, हा देशाचा चेकर, असं त्यांचं म्हणणं. या देशात सिनेटवर प्रेम करणारा दुसरा माणूस मी तरी पाहिला नाही. माझ्या कॉलेजातल्या कॅनेडियन मुलांना सिनेटर किती असतात तेसुद्धा ठाऊक नव्हतं. काका मात्र पोळी लाटणाऱ्या काकूंच्या बाजूला स्टुलावर बसून सांगत असायचे: एकशे पाच, त्यातले आपल्या अल्बर्टा प्रांताचे फक्त सहा.

‘अमेरिकेत सिनेटर लोक निवडतात, सहा वर्षांसाठी,’ ते बोटांवर मोजत सांगायचे. ‘आपल्या राज्यसभेत बहुतेकांना आमदार निवडतात, तेही सहा वर्षांसाठी. आणि इथे? इथे कुणीच निवडत नाही. पंतप्रधान नाव सुचवणार, गव्हर्नर जनरल बोलावणार. एकदा बसला की पंच्याहत्तरीपर्यंत उठायचं नाही. पूर्वी तर मरेपर्यंत होतं.’

‘म्हणजे नोकरी सरकारी आणि रिटायरमेंट पंच्याहत्तरला,’ श्वेता म्हणायची. ‘काका, फॉर्म कुठे मिळतो?’

‘तुला नाही मिळणार. वय तीस पूर्ण हवं, नागरिक हवी, आणि प्रांतात स्वतःच्या नावावर चार हजार डॉलरची तरी मालमत्ता हवी.’

‘अर्धं घर माझ्या नावावर आहे बरं का,’ काकू लाटणं न थांबवता म्हणायच्या. ‘यांचे चार हजार कुठल्या भिंतीत आहेत ते विचारा.’

हा संवाद तीन वर्षांत मी इतक्या वेळा ऐकला की श्वेता आणि मी तो भांडी घासताना आवाज काढून करायचो. थट्टाच होती ती. त्या माणसाला त्यातलं काही स्वतःसाठी हवंय, असं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आम्ही आलो त्याच वर्षी ऑक्टोबरात नगरपालिकेची निवडणूक होती, आणि अल्बर्टात त्याच दिवशी सिनेटसाठीही मत घ्यायचं ठरलं होतं. हा अल्बर्टाचा स्वतःचा हट्ट. लोक आपली पसंती सांगतात, आणि पंतप्रधानावर ती ऐकायचं काहीही बंधन नसतं. काका इस्त्रीचा शर्ट, टाय, वर टोपीवाला जाड पार्का असे निघाले आणि आम्हा दोघींनाही घेऊन गेले. आम्हाला मत नाही, आम्ही शाळेच्या कॉरिडॉरमध्ये उभ्या. लोक दोन-तीन मिनिटांत बाहेर पडत होते. काका वीस मिनिटं आत. शेवटी मतदान केंद्रातल्या बाई विचारून आल्या म्हणे, ‘सर, एव्हरीथिंग ओके?’ ते सिनेटच्या मतपत्रिकेवरचं एकेक नाव वाचत होते.

घरी येताना श्वेताने विचारलं, ‘काका, हे निवडून आलेले ओटावाला, सिनेटमध्ये जाणार ना?’

‘बोलावलं तर.’

‘आणि नाही बोलावलं तर?’

‘तर नाही.’

‘मग एवढा टाय कशाला बांधलात?’ मी न राहवून म्हणाले. माझी जीभ अशीच आहे. काका गाडी चालवता चालवता शांतपणे म्हणाले, ‘कुणीतरी आपल्याला विचारलंय ना, मग नीट उत्तर द्यायचं.’

हेच त्यांचं तत्त्व, आणि काकूंचा सगळा राग याच तत्त्वावर होता. एका थंडीत, काका ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत असताना, काकूंनी मला वरून चहाला हाक मारली आणि सगळं सांगून टाकलं. ऑफिसात मुख्य चेकरची जागा चार वेळा रिकामी झाली. चारही वेळा काकांच्याच हाताखाली शिकलेल्या कुणाला तरी मिळाली, कारण त्यांनी अप्लाय केलं आणि काकांनी केलं नाही. ‘म्हणे, माझं काम त्यांना दिसतंय, वाटलं तर बोलावतील. अहो, कोण बोलावतंय? लग्नालासुद्धा मीच होकार कळवला होता, हे तर पत्र येईल म्हणून बसले होते.’ बोलता बोलता काकूंचे डोळे भरून आले. मी चिवड्याचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

माझ्या तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये सिनेटमधली अल्बर्टाची एक जागा रिकामी झाली. पूर्वी पंतप्रधान आपल्याच माणसांची नावं काढायचे, आता नावं सुचवायला एक समिती आहे, आणि सामान्य माणूस स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. काकांना ही पद्धत कधीच पटली नव्हती. ‘सिनेटरने अर्ज करायचा? शोभतं का?’ असं म्हणायचे. त्या दिवशी मात्र ते स्वतः बेसमेंटमध्ये आले, आमच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, ‘तुला ते अपलोड वगैरे जमतं ना?’

मी हसले नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते. त्यांनी पत्र आधीच हाताने लिहून काढलं होतं. मी अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचं काम तपासलं, एकदाही चूक काढल्याचा आनंद मानला नाही, आणि देशाचे कायदे तपासायची संधी मिळाली तर तेच करीन, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. मी ते टाइप करताना दोनदा थांबले. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस कुणी न विचारता काहीतरी मागत होता, तेही देशाच्या संसदेत जागा. मिळणार नाही हे मला कळत होतं. त्यांना कळत होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

शिफारसपत्रं तीन लागत होती. एक त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या, मुख्य चेकर होऊन रिटायर झालेल्या बाईंनी लगेच दिलं. दुसरं महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांनी दिलं, आणि काकांनी ते त्यांना दुरुस्त करून परत पाठवलं. तिसरं पत्र त्यांनी माझ्याकडे मागितलं. मी म्हटलं, ‘काका, मी स्टडी परमिटवर आहे. माझ्या पत्राला कोण विचारतं?’ ते म्हणाले, ‘तू माझ्या विरुद्ध ठराव जिंकलेली आहेस. तुझ्याइतकं कोण सांगणार?’

मग फॉर्ममध्ये जन्मतारखेचा चौकोन आला. त्यांनी पासपोर्ट पुढे केला. एक जून. मी हिशेब केला, मग पुन्हा एकदा केला. येत्या एक जूनला काका पंच्याहत्तर पूर्ण करत होते. मार्च संपत आला होता. उद्या सकाळी बोलावलं असतं तरी दोन महिन्यांत उठावं लागलं असतं.

‘काका, हे...’

‘माहीत आहे मला. पण दोन महिने तर दोन महिने.’

काकू मागे उभ्या होत्या. त्या फटकन म्हणाल्या, ‘आणि ती तारीख तरी कुठे खरी आहे!’

एक जून म्हटल्यावर खरं तर मीच ओळखायला हवं होतं. आमच्या घरी आजोबांचा वाढदिवस एक जून, त्यांच्या दोन्ही भावांचा एक जून, आणि त्यांच्या निम्म्या वर्गाचाही एक जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोरगं दारात उभं, आईला तिथी आठवतेय पण तारीख नाही, मग मास्तर सहा वर्षं मागे मोजून एक जून ठोकून द्यायचे. काकांची तर आणखी गंमत. सातारा जिल्ह्यातलं त्यांचं गाव, मोठी बहीण शाळेत एकटी जायला तयार होईना, म्हणून वडिलांनी यालाही सोबत बसवलं. मास्तर म्हणाले सहा पूर्ण हवीत. वडील म्हणाले मग सहा लिहा. काका तेव्हा पावणेपाच वर्षांचे होते. त्यांची आई जन्मभर सांगत राहिली की माझा मुलगा गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, जूनचा नाहीच तो. पण ते कुठल्या वर्षीचं, हे कागदावर कुणी लिहिलं होतं?

लिहिलं होतं म्हणा. काकूंनी काकांना न सांगता गावच्या पुतण्याला फोन केला. तो तहसील कचेरीत चार खेपा घालून आला आणि त्याने जुन्या कोतवाल बुकातल्या नोंदीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पूर्वी गावात जन्म-मृत्यू झाला की कोतवाल वहीत लिहायचा, ती ही वही. पिवळा पडलेला कागद, काकांच्या वडिलांचं नाव, पुढे ‘मुलगा’, आणि सप्टेंबरची तारीख. पासपोर्टातल्या वर्षाच्या पुढच्या वर्षीची. काका कागदापेक्षा पंधरा महिन्यांनी लहान होते.

काकूंनी फोन त्यांच्या समोर धरला. त्यांनी चष्मा पुसला, फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. चेकर माणूस, पहिल्यांदा बघून कधी बोलणार? मग म्हणाले, ‘आई बरोबर सांगत होती.’ त्यांनी चष्मा परत काढून पुसला, आणि आम्ही तिघी तिकडे बघायचं टाळून उगाच टेबल आवरायला लागलो.

त्यानंतर आठवडाभर त्या घरात जे भांडण झालं ते मी विसरणार नाही, कारण एरवी तिथे कुणी आवाज चढवत नसे. काकूंचं म्हणणं सरळ होतं. पुरावा आहे, वकील करा, तारीख बदलून घ्या, पंधरा महिने जास्त मिळतात. मी त्यांच्याच बाजूची. टोरंटोहून मुलगासुद्धा म्हणाला, ‘बाबा, इट्स युअर रिअल बर्थडे, जस्ट फिक्स इट.’ काका एकच सांगत राहिले. ‘त्या तारखेवर मी नोकरीला लागलो. त्या तारखेवर व्हिसा घेतला. हात वर करून नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा समोरच्या कागदावर तीच तारीख होती. आता खुर्ची दिसली म्हणून सांगू, की ते सगळं चुकीचं होतं?’

‘पण चुकीचंच होतं ना!’ मी ओरडले.

‘होतं. पण तेव्हा सांगायला हवं होतं. आता सांगितलं तर ती दुरुस्ती होत नाही, सोय होते.’

मला इतका राग आला त्यांचा, की मी दोन दिवस वर चहाला गेले नाही. सगळी लाल पेन्सिल नेमकी स्वतःवरच चालवायची होती का या माणसाला? मग तिसऱ्या दिवशी मीच वर गेले आणि एक जून तारीख टाकून, माझ्या पत्रासकट, अर्ज पाठवून दिला. बटण काकांनी दाबलं. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

मे महिन्याच्या मध्यावर, आम्ही चौघं जेवत असताना, फोन वाजला. ओटावाहून होता. काकांनी ताठ बसून स्पीकर लावला. एक बाई फार अदबीने बोलत होत्या. अर्ज मिळाला, पत्र फार छान आहे, फक्त एक गोष्ट पडताळून बघायची होती. जन्मतारीख एक जूनच आहे ना? टाइप करताना चूक तर झाली नाही? कारण ती बरोबर असेल तर दुर्दैवाने आम्हाला हा अर्ज पुढे नेता येणार नाही.

काकूंनी जेवता जेवता डाव्या हाताने आपला मोबाइल काढला, कोतवाल बुकाचा फोटो उघडला आणि काकांच्या ताटाशेजारी ठेवला. काकांनी त्याच्याकडे बघितलं. मी मनात म्हणत होते, सांगा, सांगा हो काका, ती बाई स्वतः विचारतेय.

‘नो मिस्टेक, मॅडम,’ काका म्हणाले. ‘इट इज करेक्ट. थँक यू फॉर चेकिंग.’

फोन ठेवून त्यांनी आमटी मागितली. काकूंनी वाढली. श्वेता ताट घेऊन खाली निघून गेली, आणि मीही तिच्यामागे गेले, कारण मला तिथे रडायचं नव्हतं. खाली जाऊन मात्र पोटभर रडले. कुणासाठी ते मला सांगता येत नाही.

एक जून त्या वर्षी शनिवारी आला. मंडळाच्या अध्यक्षांना शिफारसपत्रामुळे तारीख ठाऊक झालेली, त्यामुळे ते चार जणांना घेऊन दारात हजर. शाल, श्रीफळ, पेढे, आणि कापडी फलक: अमृतमहोत्सवी अभिनंदन. काकू दार उघडून बाजूला झाल्या, मी जिन्यात उभी. काका बाहेर आले. घरचा स्वेटर, पायात सपाता. त्यांनी आधी फलक वाचला, शेवटपर्यंत. मला वाटलं आता ऱ्हस्व-दीर्घ काढणार.

‘सुंदर आहे,’ ते म्हणाले. ‘पण तुम्ही लवकर आलात.’

अध्यक्ष गोंधळले. ‘म्हणजे? आज पंच्याहत्तर पूर्ण ना, काका?’

‘कागदाला झाली. ओटावाने कागदाचं विचारलं, ते मी सांगून टाकलं.’ काकांनी शालीची घडी त्यांच्या हातातच नीट केली. ‘मला व्हायला अजून पंधरा महिने आहेत. गौरी जेवल्या की दुसऱ्या दिवशी या. माझी आई खोटं बोलत नव्हती.’